कोलंबसमध्ये जोडीने

१८ एप्रिल २००४, रविवार

जोडीने! म्हणे जोडीनेच बसायचं!

वाल्मीकचा फोन आला. लासलगावच्या शाळेतला यांचा विद्यार्थी. गणितात दोनदा नापास, आणि आता त्र्यंबक रोडला केवढं तरी पार्क काढलंय — पाळणे, कोलंबसची झुलती बोट, खाण्याचे स्टॉल, सगळं. "बाई, उद्घाटन सरांच्या अन् तुमच्याच हातून. कोलंबसची पहिली फेरी जोडीनं. नाय म्हणायचं नाय!" मी हो म्हणून टाकलं. त्याला काय सांगणार, की ही जोडी सहा वर्षं एकमेकांशी बोललेली नाही?

आमच्या लेकीच्या, आशाच्या साखरपुड्यात, सगळ्या व्याह्यांसमोर हे म्हणाले होते, "हिला काय विचारता, हिला काय कळतं!" त्याच दिवशी ठरवलं — आधी हे बोलतील, चुकलं म्हणतील, मगच मी तोंड उघडीन. हेही पक्के! तेव्हापासून आमचा संसार कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चालतो. "गॅस संपला." "दाढीचा साबण." इंदिरानगरात इतकं शांत घर दुसरं नसेल. टीव्ही सोडून. तो हे मुद्दाम मोठा लावतात, मला चिडवायला.

२० एप्रिल

पत्रिका आली. कॅलेंडरवर यांचं सुवाच्य अक्षर: "२२ ला जाणे. पैठणी." झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या बोटीत पैठणी नेसून बसायचं! मी खाली लिहिलं: "बरं."

२२ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

पाय दुखताहेत, पोट तुडुंब आहे आणि डोकं तापलंय. क्रमाने लिहिते.

मांडव, सनई, हार. नारळ फोडला. आम्ही दोघं शेजारी, हसतमुख — फोटोत अगदी लक्ष्मीनारायण! मग वाल्मीकच्या बायकोने माईक माझ्या तोंडाशी धरला. "बाई, उखाणा!" दोनशे माणसं. सहा वर्षांत यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, घ्या —

भेळेत कालवली चिंच, वर चिरला कांदा,
निवृत्तीरावांना गप्प बसायचा एकच धंदा!

मांडव नुसता हसून फुटला! मी हळूच यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता लाल होतील. तर हे सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताहेत! चेहऱ्यावर तेच सत्कारातलं हसू. कोडगेपणाला काही सीमा?

मग कोलंबस. खालून ऑपरेटर ओरडला, "काका, दांडा ओढून घ्या!" हे त्याच्याकडे बघून छान हसले. दांडा तसाच. बोट हलली. पहिला झोका गमतीचा. दुसऱ्याला पैठणीचा पदर उडून तोंडावर. तिसऱ्याला बोट आभाळाला टेकली आणि हे पुढे सरकायला लागले! मग मला राहवलं नाही. सगळा जीव एकवटून ओरडले, "अहो! दांडा धरा! पडाल!"

यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. वाऱ्याने डोळे मिटलेले, चेहरा शांत. शेवटी मीच दांडा यांच्या मांडीवर दाबला. म्हणजे हरले मी. सहा वर्षांचा अबोला मोडला, आणि या माणसाने "काय गं" म्हणण्याचीही तसदी घेतली नाही! इतका माज!

खाली उतरले ती तडक स्टॉलकडे. वाल्मीकने कुपनं दिली होती. रागारागात एक प्लेट मिसळ, दोन प्लेट पाणीपुरी, मटका कुल्फी. नंतर बुढ्ढी के बाल — गुलाबी, पैठणीवर सांडले. आणि खोटं कशाला लिहू, मजा आली! मग एकटीच पुन्हा कोलंबसला गेले. तीनदा. ब्रेक डान्सच्या गरगरत्या पाळण्यात तर एका बोहरी बाईच्या गळ्यात पडून किंचाळले. तीही किंचाळली. हे बाकावर बसून रसाचा ग्लास धरून होते. लोक येऊन पाया पडत होते, हे नुसते "हो, हो" करत होते.

२३ एप्रिल

मान धरलीय. कॅलेंडरवर आज कोणीच काही लिहिलं नाही.

२५ एप्रिल

आशा पुण्याहून आली. तिच्यापाशी सगळी गाऱ्हाणी ओकले. "आधी मी बोलले गं, तीही ओरडून! आणि हे ढिम्म!" आधी ती हसत होती. मग हसायची थांबली.

उठली, स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं ताट आणलं, बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि फरशीवर सोडून दिलं. मी केवढ्यानं दचकले! शेजारच्या वत्सलाबाई गॅलरीत आल्या.

यांनी पेपरचं पान उलटलं.

२८ एप्रिल

कानाचे डॉक्टर. तपासणी अर्धा तास. "दोन्ही कान गेलेत, सर. हळूहळू. पाच वर्षं तरी झाली असतील. ओठ बघून भागवत होता ना?" त्यांनी ते कागदावरही लिहिलं. यांनी वाचलं, मान खाली घातली. शाळेत ज्यांच्या आवाजाने वर्ग थरथरायचा, ते हे.

"लोक हसले असते," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "आणि घरात कळायचा प्रश्न नव्हता. ही बोलत नाही माझ्याशी."

रिक्षात आशा रडत होती. मला रडू येत नव्हतं. नुसती लाज वाटत होती.

२८ एप्रिल, संध्याकाळी

एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती. अपमान वाटला होता म्हणून.

चार वर्षांपूर्वीच्या नागपंचमीला मी हरले होते. पुरणाची दिंडं केली होती, यांना आवडतात म्हणून. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. मी मागे दारात उभी राहून म्हटलं, "झालं गेलं विसरा. जेवायला चला." हे वळले नाहीत. मी ताट झाकलं आणि मनाशी म्हटलं, संपलं.

चार वर्षं!

कानाचं यंत्र सोमवारी मिळणार आहे. तोवर थांबवत नाही. कुकर उतरवलाय. आत जाऊन तेच म्हणते — यांच्या समोर उभी राहून.