पानात बांधलेलं फूल

तंजावूर,
२६ एप्रिल २००३

प्रिय हरिता,

फोनवर तुझ्याशी बोलताना मी सारखी हसत असते, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. दिवाणखान्यातला फोन, शेजारी तुझे अप्पा, समोर आजी. तिथे दुसरं काय करणार? म्हणून लिहिते आहे. लहानपणी रोज संध्याकाळी तुला बालबोध गिरवायला बसवत होते तेव्हा तू किती रडायचीस, ‘क्लासमध्ये कोणाला येत नाही, मग मलाच का अम्मा?’ म्हणून. आज त्याचा उपयोग झाला बघ. तुझ्या घरात हे पत्र तुझ्याशिवाय कोणालाही वाचता येणार नाही, आमच्या जावयाला, कार्तिकलासुद्धा नाही. तेव्हा मोकळेपणी सांगते: मला भीती वाटते आहे. रोज वाटते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपण किती गृहीत धरलं होतं! सातव्या महिन्यात बांगड्या भरायला तू येणार, मग इथेच राहणार. आजींनी हिरव्या बांगड्या आणूनही ठेवल्या होत्या. मार्चमध्ये तुमच्या तिकडच्या त्या सार्सच्या तापाच्या बातम्या सुरू झाल्या आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता म्हणता विमान कंपनी तुला घेईना इतके दिवस भरले. आता तू येऊ शकत नाहीस, तर मी यायचं की नाही, एवढाच प्रश्न राहिला. अप्पांनी तो हातात घेतला आणि त्याचा अगदी ऑफिसातला प्रश्न करून टाकला. ट्रॅव्हल एजंटाला दिवसातून दोनदा फोन. तो म्हणतो, ‘सार, आज विमान आहे, उद्याचं मी कसं सांगू?’ चेन्नईच्या बाळकृष्णरावकाकांना अप्पांनी विचारलं, हिला एक रात्र ठेवून घ्याल का. काका म्हणाले, ‘अरे, जाताना दोन रात्री राहू दे! येताना मात्र थेट तंजावूरची बस धरायला सांग.’ माझ्या शाळेत हेडमिस्ट्रेसबाईंनी पेपर तपासून झाल्या झाल्या बजावलं, ‘कामाक्षी, जूनमध्ये येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट आण हं, नाहीतर पालक माझ्या अंगावर येतील.’ अजून मी विमानात पायही ठेवलेला नाही, तोवरच लोक माझ्यापासून हातभर लांब बसायला लागले आहेत.

आणि तू फोनवर म्हणालीस, ‘नकोच येऊस अम्मा. हॉस्पिटलात फक्त कार्तिकला सोडणार आहेत. तू येऊन घरी एकटी बसणार, आणि तुला काही झालं तर?’ तुझं ते वाक्य मी डायरीत उतरवून ठेवलं. खाली लिहिलं, ‘ती नको म्हणते आहे, म्हणजे न जाणं हेच तिच्या हिताचं.’ दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. हित तुझं, की सुटका माझी? टीव्हीवर तोंडाला फडकं बांधलेली माणसं दिसली की माझा घसा दुखायला लागतो. थर्मामीटर उशाशी ठेवलं आहे. इथे, तंजावुरात! तुला आई हवी असताना तुझी आई स्वतःचा ताप मोजत बसली आहे, हे तुला कसं सांगू?

शेवटी आजी म्हणाल्या, ‘तुम्हां दोघांचं बोलणं पुरे. मारियम्मनला विचारूं.’ परवा आम्ही दोघी टाउन बसनं पुन्नैनल्लूरला तिच्या देवळात गेलो. तापाची देवी ती, तिलाच तापाचं विचारायचं. तू लहानपणी पाहिलं आहेस: एका पानात पांढरं फूल, एका पानात तांबडं, दोन्ही पुड्या सारख्या बांधून देवीपुढे ठेवायच्या आणि कोणा लहान मुलीला एक उचलायला सांगायचं. पांढरं आलं तर जा, तांबडं आलं तर नको. पुड्या घरातल्या थोरल्या बाईनं बांधायच्या, म्हणून आजींनी बांधल्या, खांबाआड माझ्याकडे पाठ करून. एका परकरातल्या चिमुरडीनं एक उचलून दिली. हरिता, मी डोळे मिटून तांबडं मागत होते. देवीनं ‘नको’ म्हणावं, म्हणजे तो नकार माझा ठरणार नाही.

पांढरं निघालं.

आजी प्रदक्षिणेला गेल्या. उरलेली पुडी न उघडता पाण्यात सोडायची असते. ती माझ्या हातात दिली होती. मी ती उघडली. का उघडली, कोण जाणे. आतलं फूलही पांढरंच होतं.

मी पान पुन्हा दुमडलं आणि तलावात सोडलं. परतीच्या बसमध्ये आजी म्हणाल्या, ‘झालं ना आता? देवीनं सांगितलं. मुकाट्यानं पेटी भर.’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘वासुकीच्या बाळंतपणाला कुंभकोणात कॉलरा होता. घरच्यांनी मला जाऊं दिलं नाही. मीही हट्ट केला नाही.’ तुझी वासुकीआत्या अजूनही प्रत्येक दिवाळीला हसत हसत विचारते ना, ‘अम्मा, या खेपेला तरी येशील ना ग?’ आपण सगळे त्यावर हसतो. त्यावर आजींना हसताना मी कधी पाहिलेलं नाही, हे मला त्या बसमध्ये आठवलं. त्यांचा हात माझ्या हातावर होता. मी गेले तर त्यांना आंघोळीला पाणी कोण काढून देणार, गोळ्या कोण देणार? तरी त्यांनी दोन्ही पांढरीच बांधली.

खरं तर दुसरी पुडी उघडल्यावर मी मोकळी झाले होते. देवी काही बोललीच नव्हती. मी नाही म्हणू शकत होते, आणि पुड्या बांधणाऱ्या आजींना मला एका शब्दानं अडवता आलं नसतं. दिवसभर ती मोकळीक घेऊन मी घरात हिंडले. संध्याकाळी अप्पांना म्हटलं, तिकीट पक्कं करा.

उद्या रात्रीच्या बसनं चेन्नई, परवा विमान. पेटीत बाळंतिणीच्या लेह्याची बरणी आहे, सुंठ आहे, आजींच्या नऊवारीचे मऊ तुकडे आहेत, आणि त्या हिरव्या बांगड्या. भीती गेलेली नाही. तीही बरोबर येते आहे.

हे पत्र उद्या सकाळी टपालपेटीत टाकीन. ते पोचेल तेव्हा मी तुझ्याच स्वयंपाकघरात असेन. माझ्यासमोर वाचू नकोस, मला लाजल्यासारखं होईल. पण जपून ठेव. मला तिथे काही झालंच, तर अप्पा म्हणतील एजंटानं पाठवलं, लोक म्हणतील सासूनं पाठवलं, आजी स्वतःला काय म्हणतील ते तर मला ऐकवणार नाही. आणि तू रात्री बाळाला घेऊन बसशील तेव्हा मनाशी म्हणशील, माझ्यासाठी आली. तेव्हा हे काढ आणि त्यांनाही वाचून दाखव, इथे तरी तुझ्याशिवाय ते कोण वाचणार? तू मला नको म्हणाली होतीस. देवीनं काही सांगितलं नव्हतं. दोन्ही फुलं बघून झाल्यावर मी आले.

तुझीच, घाबरत घाबरत निघालेली,
अम्मा