घडीच्या टेबलावरून

११ सप्टेंबर

मला हाकललं. घडीच्या टेबलावरून थेट लाँड्रीच्या ओल्या खोलीत — जिथे हॉस्पिटलच्या चादरी मशीनमधून बाहेर काढता काढता माणूस स्वतःच पिळून निघतो. कारण? "काही दिवस तिकडे काम कर." बस्स.

आणि ही म्हणे आमची नवी सुपरवायझर. "मॅडम नको, ताई म्हणा." रोज सकाळी सगळ्यांना गोल करून बसवते. "इथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. माझं चुकलं तर तोंडावर सांगा." मागच्या आठवड्यात मी सांगितलं — जेवणाची सुट्टी पुरत नाही. त्याचाच डूख धरलाय बाईने. मी ताई म्हणणार नाही. मेलो तरी.

१२ सप्टेंबर

हात ओले, डोकं तापलेलं. सारखं टेबल आठवतं. मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती — माझ्या जोडीला असलेली मुलगी. कोपरे जुळवायला आळीपाळीने पुढे जायचं असतं. दर वेळी मीच जायचो. तिची बोटं गार असायची. कोपरे हातात आले की ती पटकन मागे व्हायची — लाजाळू आहे. बोलत तर कुणाशीच नाही. सकाळच्या गोलातही मान खाली.

आता तिच्यासमोर लाँड्रीतल्या जुन्या मावशी उभ्या राहतात.

कॉलेज सोडलं तेव्हाही एवढा जळलो नव्हतो.

१३ सप्टेंबर

बघून घेईन.

१५ सप्टेंबर

उद्या मालक येणार. सुपरवायझरला कायम करायचं की नाही ते ठरवायला. आयता मोका.

मावशींना वास लागलाय. "बाबा, जरा दमानं. बाई वाईट नाही."

म्हटलं, "तुमची जागा गेली असती म्हणजे कळलं असतं."

"माझे गुडघे गेलेत. जागा गेली तर सुटले."

स्वतःच हसल्या. मी नाही हसलो.

१६ सप्टेंबर

उट्टं काढलं! भर गोलात, मालकांसमोर, उभा राहून. "या तोंडावर सांगा म्हणतात. मी सांगितलं, तर मला ओल्या खोलीत टाकलं. विचारा का ते."

मालकांनी विचारलं. बाई उठून उभी राहिली.

"निर्णय माझा होता. कारण इथे सांगणार नाही."

"मग सगळं मोकळेपणाने बोला म्हणता ते फक्त आम्हालाच का?" मी हाणलंच. बाईचा चेहरा पांढराफटक. पण माझ्याकडे रागाने बघितलं नाही तिने — तेवढं मात्र खटकलं.

मालक म्हणाले, "कायम करायचं नंतर बघू." म्हणजे गेलीच ती.

घरी दुप्पट जेवलो. आई म्हणाली, "काय रे, लॉटरी लागली की काय?"

१७ सप्टेंबर

आज टेबलावरची ती ओल्या खोलीच्या दारात आली. माझ्यासाठी, पहिल्यांदाच. आत आली नाही. मावशींचा हात घट्ट धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"तुला टेबलावरून हलवा, असं मीच ताईंना सांगितलं होतं. माझं नाव घेऊ नका म्हटलं होतं. आत्ता मालकांना सगळं सांगून आले."

मशीन चालू होतं. तरी शब्द न् शब्द ऐकू आला.