न्यूट्रल तुटली त्या संध्याकाळी

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मला अजून दाजींचा हेवा वाटतो. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा या वयात कसला हेवा, असं मीच मला म्हणते. पण अख्ख्या बोरीत तुम्ही एकटे वायरमन, आणि हाताखाली शिकवायला तुम्ही निवडलं ते जावयाला. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली. तुम्ही ओसरीवर त्यांना बोर्ड उघडून दाखवायचात आणि मी आत भाकरी थापत ऐकायची. "जावईबापू, खांबावरची न्यूट्रल तार तुटली का एका घरात दिवा पांढराफेक जळतो, दुसऱ्या घरात निखाऱ्यावानी लाल व्हतो. तिथं फ्यूजच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई. आधी मेन बंद करायचा, मंग बाकीचं." एकदा मी हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, फ्यूज का नाही उडत तेव्हा? तुम्ही हसलात. "चहा टाक बरं," म्हणालात. त्याच आठवड्यात तुम्ही तुमचा जुना टेस्टर दाजींच्या खिशाला लावलात.

पंच्याहत्तर साल असेल. तुम्ही चारठाण्याला एका घराच्या फिटिंगला गेला होता, मुक्कामी. दिवेलागणीला मी शेजारच्या गल्लीत ताईकडे ताक घेऊन गेले. दाजी बाजेवर बसलेत, ताई दिव्याखाली गहू निवडतेय. एकाएकी दिवा डोळे दिपतील इतका पांढरा होतो. "आज होल्टेज लय भारी आलंय," दाजी खुशीत म्हणतात आणि तुम्ही लग्नात दिलेला रेडिओ लावतात. मी दारात उभी. समोरच्या घरातला दिवा लाल, विझत आल्यासारखा. मला लगेच कळतं. मेन दाराशेजारीच आहे, नुसता हात वर करायचा. मी करत नाही. बघू यांना ओळखू येतं का, असं मनात येतं. येऊ नये, असंही येतं. उद्या तुम्ही परत आल्यावर तुम्हाला कळू दे, कुणाला शिकवत बसलात ते.

रेडिओतून आधी जळका वास आला, मग धूर. दाजी उठेपर्यंत दिवा फुटला आणि काच ताईच्या मनगटात घुसली. तेव्हा कुठं मी मेन खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताईचा बांधलेला हात बघितलात, रेडिओ उघडून बघितलात. "एक डाव समोरच्या घराकडं नजर टाकायची व्हती, जावईबापू."

"चुकलं मामा," दाजी म्हणाले.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "आन् तू कुठं व्हतीस?"

"आत, ताईच्या चुलीपाशी," मी म्हणाले.

मी दारात होते, मेनच्या शेजारी, हे दाजींनी पाहिलं होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर तुम्ही त्यांना कामावर नेलं नाही. महिन्याभरात ते परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये लागले, ताईही गेली. मला वाटलं, आता माझी पाळी. अण्णा, तुम्ही मला कधी शिडी धरायलासुद्धा बोलावलं नाही. एकटेच जात राहिलात, आणि जेवताना मधूनच म्हणायचात, "हात लय चांगला व्हता त्याचा." मी वाढत असायची. ऐकून घ्यायची.

मागच्या दिवाळीत दाजींना सगळं सांगायचं ठरवूनच परभणीला गेले होते. दोन दिवस राहिले आणि न सांगता परत आले. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, जिथून उत्तर येणार नाही. दाजींना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "जाऊ द्या, झालं गेलं." तेवढ्यानं मी मोकळी झाले असते. पण त्यांच्याकडून मला तेवढंही घ्यायचं नाही.