साडूचा डबा आणि माझा टॉवर

३ मे, रविवार

आज साडूच्या घरी माझा अपमान झाला. तारीख लिहून ठेवतो. उट्टं काढताना लागेल.

साडू दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात काढतो आणि रविवारी स्वतःचे. त्याने गेमिंगसाठी एक कॉम्प्युटर बनवून घेतलाय, बुटांच्या खोक्याएवढा. त्यावर गाड्यांची शर्यत लावली. तो, मी आणि माझी मुलगी. मी शेवटचा आलो. त्यात काही नाही, माझ्या वाट्याला आलेला कंट्रोलर घामट होता. पण शर्यत संपल्यावर साडू म्हणाला, "दादा, तुम्ही दोन फेऱ्या उलट्या दिशेने मारल्यात. मला वाटलं, कुणाला तरी आणायला निघालात."

मुलगी हसली. बायको हसली. तिची बहीण तोंडावर पदर घेऊन स्वयंपाकघरात गेली. मीही हसलो, पण आतून नाही.

मुलगी १३ जूनला कॉलेजसाठी दुसऱ्या गावी हॉस्टेलवर चाललीय. "आमचे बाबा हरतात" असं डोक्यात घेऊन पोरगी घर सोडणार? मुळीच नाही.

संकल्प: स्वतःचा कॉम्प्युटर. माझ्या घरात, माझ्या मशीनवर, मुलीच्या देखत साडूची जिरवणे. मुदत ७ जून.

४ मे, सोमवार. ऑफिस

जेवणाच्या सुट्टीत अभ्यास केला. सुट्टी चार वाजेपर्यंत लांबली.

या विषयात दोन पंथ आहेत. एक कॉम्पॅक्ट. छोटं खोकं, सगळं आत ठासून भरलेलं, पण पुढे काही बदलायचं म्हटलं तर जागाच नाही. दुसरा अपग्रेडेबल. मोठा टॉवर, आत मोकळ्या जागा, मेमरी वाढवा, कार्ड बदला, आयुष्यभर वाढवत राहा. संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "साहेब, हलवायचाय की वाढवायचाय?"

म्हटलं, हरवायचाय. त्याला कळलं नाही. तंत्रज्ञ लोकांना मन नसतं.

७ मे, गुरुवार

मुलीचं मत विचारलं. म्हणाली, लहान घ्या बाबा, उचलून कुठेही नेता येतो. हे शब्द तिचे नाहीत. साडूने पोरीला फितवलंय.

त्याच्या मशीनचं नाव आजपासून "डबा".

१० मे, रविवार. सकाळी ७

नवा विचार. आपणही कॉम्पॅक्टच घ्यायचा, काखेत मारायचा आणि थेट साडूच्या दिवाणखान्यात जाऊन त्याचं नाक कापायचं. शत्रूच्याच घरात! पलंगावर पडून पूर्ण प्रसंग डोळ्यांपुढे आणला. दोनदा आणला. फार बरं वाटलं.

सकाळी ११. रद्द. साडू म्हणेल, दादांनी माझी नक्कल केली. मग अपग्रेडेबल. अंतिम निर्णय.

दुपारी ३. पुन्हा कॉम्पॅक्ट.

संध्याकाळी ६. अपग्रेडेबल. कारण डबा आज आहे तेवढाच राहणार, आणि माझा दर वर्षी वाढणार. दहा वर्षांनी साडूची काय अवस्था होईल याची कल्पना करवत नाही. हा निर्णय अंतिम, शाईने लिहिलाय.

१३ मे, बुधवार

आज कामात धडाका. आम्ही वजन-माप खात्याचे लोक. एका कापडवाल्याची मीटरपट्टी एका टोकाला घासलेली सापडली, बोटभर कमी. तो म्हणत होता, जुनी झालीय साहेब, घासली गेली, मुद्दाम नाही. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर अर्धा तास सुनावलं. पट्टी जुनी झाली हे वापरणाऱ्याला कळत नसेल तर त्याने धंदा करू नये, असं म्हणालो. केस केली. बावीस वर्षं या खात्यात आहे, मापाच्या बाबतीत मला कुणी गंडवू शकलेलं नाही.

त्याचा चेहरा थोडासा साडूसारखा होता. त्याचा केसशी संबंध नाही.

१७ मे, रविवार

जागा ठरली. टीव्हीखालचा कप्पा. साडू सोफ्यावर बसला की टॉवर बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येईल.

ऑफिसची स्टीलची टेप घरच्या कामाला वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली. कप्प्याची उंची पंचावन्न सेंटिमीटर. दुकानातला सगळ्यात मोठा टॉवर त्रेपन्न. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा पंचावन्न. दुकानदार म्हणत होता, एक साइज लहान घ्या, हवेला जागा राहील. त्याचं मी ऐकलं नाही. टॉवरची ऑर्डर दिली, उघडलेला माल परत घेणार नाही या अटीवर सही केली.

२४ मे, रविवार

टॉवर आला. कप्प्यात जात नाही.

आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, शेवटी खांदा लावला. कप्प्याची फळी हलली पण टॉवर हलला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. मग तिने विचारलं की माप कशाने घेतलं. टेप दाखवली. तेव्हा तिने सांगितलं की टेपचं पहिलं टोक फाटलं होतं म्हणून तिने पाच वर्षांपूर्वी दोन इंच कापून टाकलंय, ती दोनापासून मोजते, आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलीलाही माहीत होतं. म्हणजे कप्पा पन्नासच.

एवढं बोलून ती गप्प बसली असती तर चाललं असतं. पण तिने विचारलं, त्या कापडवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे.

टॉवर सध्या जेवणाच्या टेबलावर. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

३१ मे, रविवार

जोडणी पूर्ण. मेमरीच्या चार जागा, त्यांपैकी एक भरलेली. मुख्य ग्राफिक्स कार्ड पुढे मोठं घेता येईल म्हणून आत्ता दुकानदाराकडचं जुनं, सध्यापुरतं. पंखे पाच लागतात, आत्ता दोन. थोडक्यात, वाढायला प्रचंड वाव आहे. हेच साडूला कळणार नाही.

शर्यत चालवून पाहिली. गाडी धावत नाही, एका जागी दिसते आणि मग एकदम पुढच्या जागी दिसते. मुलगी शेजारी बसली होती. गेले दोन-तीन दिवस ती कमीच बोलते. जायची काळजी असेल.

७ जून, रविवार

सामना.

साडू वेळेवर आला, हे मुद्दाम केलेलं. टॉवरभोवती फेरी मारून म्हणाला, जबरदस्त आहे दादा, यात संसार मावेल. मी फक्त मान हलवली. शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच वळणावर टॉवर बंद पडला. मी सांगितलं की नवीन मशीन असं करतात. साडूने खिशातून तो तोंडात बघायचा टॉर्च काढला, आत वाकला, पंख्याची एक वायर सुटली होती ती बारीक चिमट्याने बसवली. मशीन चालू झालं. मग शर्यत झाली.

निकाल: तांत्रिक बरोबरी. तपशील लिहीत नाही.

सगळे गेल्यावर मुलगी बॅग भरत होती. मी तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात नवीन कार्ड टाकलं की बघ काकाचं काय करतो. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बाबा, मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी बनवताय. हॉस्टेलवर न्यायला. म्हणजे मी तिथून खेळले असते आणि तुम्ही मोबाइलवरून तरी माझ्याबरोबर असता. म्हणून लहान घ्या म्हणत होते."

मी म्हटलं, याच्यात पुढे काहीही वाढवता येतं.

ती म्हणाली, "हो ना."

१३ जून, शनिवार

साडू त्याची गाडी घेऊन सकाळीच आला, तिला सोडायला. डिकीत तिच्या बॅगा, आणि तिच्या मांडीवर डबा. देऊन टाकला. दवाखान्यातून वेळ कुठे मिळतो दादा, तिच्याकडेच राहू दे, असं म्हणाला. एवढं सहज म्हणाला की मला त्यात खोट काढता आली नाही. तिला सोडून घरी आल्यावर तासभर शोधली, तरी नाही.

मुख्य अडचण अशी की, ज्याची जिरवायची त्याच्याकडे आता मशीनच नाही. हा त्याचा डाव असू शकतो.

घरात फार शांत वाटतंय. वाईट वाटलं. बायकोला सांगितलेलं नाही, इथे लिहितो.

२१ जून, रविवार

साडू आला. त्याच्याकडे मशीन नाही म्हणून आता दर रविवारी आमच्याकडे येणार. हे बायकोने परस्पर ठरवलंय. आज मात्र तो खेळला नाही, माझ्या शेजारी बसून बघत राहिला.

हॉस्टेलवरून मुलगी, इथून मी. पाच फेऱ्या. ती जवळजवळ एक फेरी पुढे होती. शेवटच्या वळणावर तिची गाडी कडेला थांबली. तिथलं इंटरनेट गेलं असणार, हॉस्टेलमध्ये असं होतं. मी हप्त्या-हप्त्याने तिच्याजवळ पोहोचलो, तिला ओलांडलं आणि रेषा पार केली. साडूने विचारलं, इंटरनेट गेलं होतं तर ती हॉर्न कसा वाजवत होती. मला स्क्रीन नीट दिसत नव्हता.

पहिला आलो. साडूने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. त्याला मी आयुष्यात माफ करणार नाही.