पहिला काता, दुसरं नाव

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेत मी पुढच्या रांगेत बसून रडले होते. ते रडणं आता परत घ्यावंसं वाटतं. गेल्या महिन्यात लातूरला पंचांच्या शिबिरात एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. तुमचेच जुने सोबती, तुमच्याबरोबर कराटे शिकलेले आणि मग दुसऱ्या शैलीत गेलेले. त्यांचं नाव काढायलाही आपल्या वर्गात बंदी होती. त्यांनी माझं गाव विचारलं, मुदखेड म्हटल्यावर ती जुनी स्पर्धा विचारली, आणि जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे.

लातूरचीच स्पर्धा होती ती. मी मुदखेडहून रेल्वेनं नांदेडला तुमच्या वर्गाला यायची. बाबा गँगमन. पोरीला मारामारी शिकवून राहिला का, असं गल्लीत कुणी विचारलं की ते नुसते हसायचे आणि मला स्टेशनवर सोडायला निघायचे. त्या दिवशी हॉलच्या दारात तुम्ही मला बाजूला घेतलंत. आपण ज्या कातांना, ठोसे-वळणांच्या ज्या ठरलेल्या मालिकांना हेयान म्हणतो, त्यांना दुसऱ्या शैलीचे लोक पिनान म्हणतात, आज पंच त्यांचे आहेत, तेव्हा हेयानच्या जागी पिनान म्हण, बाकी काही बदलू नको, असं सांगितलंत. मी मॅटवर गेले, वाकले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं "पिनान शोदान" म्हणाले आणि आपला पहिला काता केला. इतका स्वच्छ तो मी कधीच केला नव्हता. वळणं, ठोसे, पाय, सगळं जिथल्या तिथं. पंचांनी मला बाद केलं. नाव एका काताचं घेतलंस आणि केलास दुसराच, म्हणाले.

शोदान म्हणजे पहिला, निदान म्हणजे दुसरा. पण आपला पहिला तो त्यांच्याकडं दुसरा, आणि आपला दुसरा तो त्यांचा पहिला. मी "पिनान निदान" म्हणायला हवं होतं. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. एखाद्याला एखादी गोष्ट ठाऊक नसते, त्याचा मला राग नाही.

पण सगळ्या मुलींसमोर तुम्ही म्हणालात, "साधं नाव सांगता येत न्हाई तुला?" तुम्हीच तर सांगितलं होतं, असं मी म्हटलं, तर उलट बोलू नको म्हणून गप्प केलंत. मग पुढच्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. बाबांनी जय भीम घातला, आईनं दूध जास्त घालून चहा केला. तुम्ही पाटीवर लिहिल्यासारखं सांगितलंत की पोरगी गर्दीपुढं घाबरते, तिच्यावर वेळ घालवू नका. ज्या बाबांनी गल्लीचं कधी ऐकलं नाही, त्यांनी तुमचं ऐकलं. माझा वर्ग बंद झाला. बाबा गेले तेही आपली लेक घाबरली होती असं समजूनच.

आणि ते म्हातारे काय म्हणाले, ऐका. "ती पोरगी तू व्हय? मी त्याला त्याच दिवशी हॉलच्या मागं गाठलं होतं. म्हणलं, पोरीचं काहीच चुकलं न्हाई, आपल्या दोघांकडच्या काताच्या नावांत फरक हाय. तर तो म्हणला, हाव, कळलं मला."

कळलं होतं तुम्हाला. कळल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात, सर. कळल्यावर आमचा चहा प्यालात. ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याचं म्हणणं खरं निघालं, हे कबूल करण्यापेक्षा एका गँगमनची लेक भित्री ठरवणं तुम्हाला सोपं वाटलं.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यापासून शिकले, काळा पट्टा घेतला. आता अहमदपूरच्या शाळेत शिकवते. मुलींना दोन्ही नावं सांगते. कांकू म्हणजे कुशांकू, तेक्की म्हणजे नाइहांची, आणि हेयान-पिनानच्या पहिल्या दोन कातांची अदलाबदल. एका दुपारीत पाठ होतं त्यांना. एका दुपारचं काम होतं, सर.

हे पत्र तुमच्या मुलाला द्यावं असं मनात आलं होतं. पण त्याचा काय दोष. राहू दे माझ्याकडंच. एवढंच कबूल करते, की त्या रविवारी मी तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आले होते, आणि गाडी येईपर्यंत तुमच्या तोंडाकडं बघत होते. "चूक माझी होती, कुणाला सांगू नको," एवढं तुम्ही म्हणाला असतात, तर मी ते बाबांनासुद्धा सांगितलं नसतं.