स्टँडवरचा फ्लेक्स

१९ जून, आटपाडी
एसटी चुकली, दुधाच्या टेम्पोतनं आलो. शाळांतनं फिरायचं आणि पोरांना मोबाईल-इंटरनेट जपून वापरायचं सांगायचं, हे काम. माझ्यासारख्या बारावी नापासाला पोरं सर म्हणतात. अजून मजा वाटते.
हायस्कूलला लाईट गेली, प्रोजेक्टर बंद. मग तोंडानंच. ओटीपी, पासवर्ड, अनोळखी रिक्वेस्ट. शेवटी नेहमीचं: फोटो, नाव, गाव सगळ्यांना दिसेल असं टाकायचं नाही.
मागं एक मुलगी बसलेली. दहावी झालेली, दाखला न्यायला आलेली. नंतर तिनं मला बाहेर गाठलं. तिचा फोटो लावून कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय, त्यावरनं पोरांना घाण मेसेज जातात. मैत्रिणीनं दाखवलं.
मी पाठ केलेलं बोललो. "फोटो टाकायलाच नको होता."
"मी कशाला टाकू? माझ्याकडं फोन तरी हाय का? बाबांनी फ्लेक्स लावलाय."
तिचं नाव इथंसुद्धा लिहीत नाही.

२० जून
स्टँडवर जाऊन बघितला. माणसाएवढा फोटो. पूर्ण नाव, टक्के, शाळा, गल्ली. खाली शुभेच्छुकांची रांग. शेजारी कुणाच्या तरी बैलाच्या वाढदिवसाचा, तोही वाचत बसलो. शाळेत पोचायला उशीर.
खोट्या अकाउंटवर हाच फोटो. कोपऱ्यात एका शुभेच्छुकाचा गॉगलही आलाय.
तिला विचारून तिच्या वर्गशिक्षिका कदम मॅडमना सांगितलं. मॅडमनी अकाउंट रिपोर्ट केलं. म्हणाल्या, पोलिसांत जायचं तर वडील पाहिजेत.
मुलगी: "बाबांना कळलं की सांगलीचं कॉलेज संपलं. घरात बसवतील."
"आणि दुसऱ्या कुणाकडनं कळलं तर?" मी विचारलं.
"मग तुमी दोघं चला बाबांकडं."

२१ जून, शनिवार
बाजारात मेंढ्या बघत हिंडलो. मॅडमचा फोन आला तेव्हा भानावर आलो.
वडिलांची पिठाची गिरणी. सगळं ऐकून पट्टा बंद केला.
"कुणाचं काम हाय? नाव सांगा."
"ते पोलीस काढतील," मॅडम म्हणाल्या.
"पोरीनं काय केलं?"
"काहीच नाही. फोटो तुमच्या फ्लेक्सवरनं घेतलाय."
"आवं मॅडम, सगळीच लावत्यात. पोरगी गल्लीत पैली आली, लपवून ठिवू व्हय?"
नंतर आमच्याबरोबर पोलिसांत आला, तक्रारीवर सही केली.
संध्याकाळी स्टँडवर दिसला, शिडीवर. एकटाच फ्लेक्स उतरवत होता.
"काय झालं रं?" खालनं कुणीतरी.
"वारं लय हाय."
पान हलत नव्हतं.

२३ जून, सांगली
मॅडमचा मेसेज. अकाउंट बंद झालं. कुणी काढलं होतं, पत्ता नाही.
आमच्या संस्थेच्या ताईंना म्हटलं, पालकांचा पण तास घ्यायला पाहिजे.
"कोण घेणार?"
"मी."
"तू? आधी वेळेवर येत जा." पण नाही म्हणाल्या नाहीत. मग घाटावर गेलो, तिथं म्हशी धुणाऱ्याशी गप्पा. दुपार गेली.

२५ जून, मेढा
आज तासाची सुरुवात बदलली. फ्लेक्सवर कुणाकुणाचा फोटो लागलाय? निम्मे हात वर.
"सर, माझा तर बारशाचा पण हाय."
हसले सगळे. मी तसाच ओटीपीवर गेलो.
दुपारी त्या वडिलांचा फोन. पोरीचं सांगलीच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलंय, उद्या जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा जाते.
"तुमी फिरलेला माणूस. पाठवू का न्हाई, सांगा."
"पाठवा."
"आन परत असं झालं तर? तितं मी नसणार."
"ती काय म्हणते?"
"ती बोलतीया कुटं माझ्याशी. फ्लेक्स उतरवला तवापासनं गप हाय. एकदाच म्हणाली, मी चोरी केलीया का?"
"मग उद्याचं तिला विचारलं का?"
"... न्हाई."
"विचारा की."
"थांबा." फोन तसाच ठेवून आत गेला. मी कानाला धरून उभा. आत आधी त्याचा आवाज, मग तिचा, बराच वेळ; शब्द कळंनात. मग फोन बंद झाला.
मी परत लावला नाही. त्यानंही नाही, अजून.