माझं बटण आणि धाकटीची मालिका

सोमवार, ३ मार्च. दुपारी, भांडी झाल्यावर.

सूनबाई, लिही. महिन्याभरानं हे मला वाचून दाखवशील तेव्हा विचारशील, आई, हे तुम्ही कधी सांगितलंत? म्हणून आधी तेच लिही: आजच सांगितलं, शुद्धीत सांगितलं, आणि तू समोर बसून लिहून घेतलंस. गॅसवर दूध ठेवून जिन्यात गप्पा मारणारी बाई तू. तुझ्या डोक्यात काही ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी साठवणं. म्हणून ही वही.

रोजनिशी माझी आहे. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, तो प्रश्न वेगळा.

तर मुद्दा. आपल्याकडे मीटर बसलं. टीव्हीखाली एक डबी आणि सोबत एक जादा रिमोट. मोजणी कंपनीचा माणूस म्हणाला, घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. पाहुण्यांसाठीही एक आहे. माझं मला ओळखू यावं म्हणून नातीनं त्यावर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. कोण काय बघतं ते डबी परस्पर कंपनीला कळवते, आणि आपल्यासारख्या एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधतात म्हणे.

म्हणजे मी एक बोट दाबलं की अख्खं गाव दाबतं! उभ्या जन्मात मला कुणी इतकं मोजलं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनी तर नाहीच.

ते लिहू नको म्हणतेस? लिही.

मीटरवाल्यानं बजावलं, घरात मीटर आहे हे बाहेर कळता कामा नये. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या पोटात गेलेली गोष्ट परत बाहेर येत नाही.

मंगळवार, ४ मार्च.

फक्त धाकटीला सांगितलं. सख्खी बहीण, समोरच्याच इमारतीत राहते. तिला सांगणं म्हणजे स्वतःलाच सांगणं.

आमचं दोघींचं एकाच गोष्टीवरून वाजतं. संध्याकाळी सातला माझी वकिलीणबाईंची मालिका असते. त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर धाकटीची बंगलेवाली. तिच्यात सगळ्या बायका जिना उतरताना रडतात आणि चढताना कट करतात. धाकटीला तेच आवडतं. लहानपणीही ती भांडण बघायला जेवण सोडून धावायची.

मीटरचं ऐकून तिनं विचारलं, म्हणजे ताई, तुझ्या घरातलं बघणं मोजतात आणि माझ्या घरातलं नाही? म्हटलं, बरोब्बर. उठली आणि डबी चारही बाजूंनी बघून आली. जळली असणार बिचारी.

गुरुवार, ६ मार्च.

कुठली मालिका किती बघितली गेली, त्याचे आकडे दर गुरुवारी येतात. नात फोनवरून वाचते. आमचा एक पॉइंट आठ, बंगल्याचा दोन पॉइंट दोन. धाकटी अशी हसली की जणू तो बंगला तिच्या नावावर आहे.

मी म्हटलं, पॉइंटाच्या पुढचं कोण धरतं? आमचे जवळजवळ दोन, तुमचेही दोनच. बरोबरी. तर म्हणते, ताप एकशे एक पॉइंट आठ असला की डॉक्टरांना एकशे एकच सांगतेस का गं ताई? उत्तर होतं, पण दिलं नाही.

मग नातीनं खालची बातमी वाचली. महिनाअखेरपर्यंत आकडा दोनच्या वर गेला नाही तर वकिलीणबाईंची मालिका बंद.

बंद! मधेच! वकिलीणबाई एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा खटला लढतेय. पोरांनी गोड बोलून कागदावर सही घेतली आणि तिला तिच्याच घरातून बाहेर काढलं. निकाल लागायच्या आत मालिका बंद झाली तर ती म्हातारी जाईल कुठे?

मी आहे. माझं बटण आहे. बघतेच कोण बंद करतं ते.

शनिवार, ८ मार्च.

निश्चय. एक, रोज सातला सगळं घर टीव्हीसमोर, आपापली बटणं दाबून. दोन, मी आरामखुर्ची सोडायची नाही. तीन, कुणी मला मधे काही विचारायचं नाही.

मुलाला सांगितलं, तो एका शब्दात हो म्हणाला. लहानपणी शाळेला सुट्टी आहे म्हटल्यावरही इतक्या लवकर हो म्हणाला नव्हता. नातही हो म्हणाली. तू तर माझं वाक्य संपायच्या आत. गुणी माणसं माझी.

एक गोष्ट नोंदवून ठेव. मालिका सुरू झाली की मी डोळे मिटते, ते ऐकण्यासाठी. डोळे मिटले की कान धारदार होतात. तुम्ही ज्याला घोरणं म्हणता तो श्वास आहे. माझ्या वयाला तो आवाज करतो.

मंगळवार, ११ मार्च.

काम फत्ते. मालिका संपता संपता डोळे उघडले तर सगळे जागच्या जागी, आणि सोफ्यावर कोण? धाकटी! पदरानं डोळे पुसत होती. माझ्या वकिलीणबाईवर रडली! तोंडानं कबूल करणार नाही, पण मन पालटलंय. जिंकलेल्या माणसानं ओरडू नये.

एक तक्रार मात्र आहे. या मालिकेचा लेखक फार लांब उड्या मारतो. साक्षीदार पिंजऱ्यात चढून शपथ घेत होता, आणि दुसऱ्या क्षणाला वकिलीणबाई घरी पोहोचून चपला काढतेय. साक्ष काय झाली? कोण देणार उत्तर? हल्ली लिहायचा कंटाळा करतात लोक.

गुरुवार, १३ मार्च.

आमचा एक पॉइंट नऊ! पॉइंट एकनं वर! पॉइंट एक म्हणजे काही थोडं नसतं. थेंबाथेंबानं तळं साचतं.

बंगल्याचा दोन पॉइंट चार. ते बाळसं नाही, ती सूज आहे. धाकटीला तसं सांगितलं. ती म्हणाली, असेल बाई, आणि माझ्याच डब्यातली बिस्किटं खात बसली. हल्ली वाद घालत नाही. रोज येते, पाहुण्यांचं बटण स्वतःहून दाबते. शहाणी झाली.

रविवार, १६ मार्च.

बंगलेवाली मालिका किती उथळ आहे याचा आज पुरावाच दिला. मी तिचा एकही भाग बघितलेला नाही. तरी आज जेवताना सगळं सांगितलं: थोरलीनं दागिन्यांची पेटी माळ्यावर दडवलीय, आळ नव्या नवरीवर घेतलाय, आणि त्या दिराची स्मृती गेलीबिली काही नाही, सोंग करतोय मेला. न बघता कळतं, अशी ती गोष्ट!

धाकटीला ठसका लागला. मुलगा पाणी आणायला उठला तो परत आलाच नाही. खरं बोललं की झोंबतं.

सूनबाई, पेन का थांबलं?

गुरुवार, २० मार्च.

एक पॉइंट सात. लोकांना चांगल्याची चाड राहिली नाही.

आपलं घर सोडून. आपलं घर पक्कं आहे.

शनिवार, २२ मार्च. सकाळी.

मीटरवाला डबी तपासायला आला. म्हणाला, आजी, तुमचं बटण सगळ्यात नियमित. सातला चालू, साडेसातला बंद, एक दिवस खाडा नाही. मी मुलाकडे बघितलं, म्हटलं, ऐक जरा.

मग तो म्हणाला, फक्त एक विचारायचं होतं. टीव्हीचा रिमोट बिघडलाय का? सात वाजून गेले की चॅनेल बदलतं, आणि साडेसात व्हायच्या जरा आधी परत पहिल्यावर येतं. रोजच.

मी विचारलं, मधे कुठे जातं?

त्यानं सांगितलं. बंगला.

मुलगा छताकडे बघायला लागला. नातीला अचानक अभ्यास आठवला. तू पदराचा काठ उसवत होतीस. आणि तो शहाणा हसून म्हणतो, काही हरकत नाही आजी, पुष्कळ घरांतून थोरामोठ्यांना बंगल्याचीच मालिका आवडते.

शनिवार, २२ मार्च. संध्याकाळी.

लिही. तूच लिही. दुसरं कोण आहे मला? मला लिहिता येत असतं तर आज हे पेन तुझ्या हाती दिलं नसतं. हेही लिही.

आरोपी पहिला, मुलगा. म्हणतो, आई, तू झोपायचीस, अर्धा तास फुकट जायचा. शिवाय मला दिराचं काय होतं ते बघायचं होतं. एरवी म्हणे याला ऑफिसात डोकं वर काढायला फुरसत नसते, आणि घरी येऊन दिराची काळजी!

आरोपी दुसरी, नात. तुला वाईट वाटू नये म्हणून शेवटी परत लावायचे गं आजी. म्हणजे दया. त्यापेक्षा चोरी परवडली.

आरोपी तिसरी तू. तुझं म्हणणं तुझ्या हातानं लिही. काही नाही म्हणतेस? बरं. जागा मोकळी सोड.

आणि चौथी, सख्खी. बोलावून घेतली. मान खाली घालेल वाटलं होतं. छे. म्हणाली, तूच म्हणालीस ना ताई, माझ्या घरातलं बघणं मोजत नाहीत? मग जिथे मोजतात तिथे येऊन बघितलं. यात चुकलं काय? वर म्हणते, बिस्किटं तेवढी मऊ पडली होती तुझी.

त्यांच्या बटणांचं मला काही नाही. त्यांची ती, कुठेही दाबोत. पण माझं बटण चालू होतं. कंपनीच्या यंत्रात नोंद काय, तर सत्तरी उलटलेली एक बाई, न चुकता बंगला बघते. वकिलीणबाईचा एकेक पॉइंट खाली आला, त्यात माझा हात. जन्मभर कागदावर अंगठा उठवत आले मी. काय लिहिलंय ते विचारून, चारदा ऐकून, जागेपणी. झोपलेल्या माणसाचा अंगठा कुणी घेतला नव्हता आजवर.

आजपासून या घरात मी कुणाशी बोलणार नाही.

सोमवार, २४ मार्च.

बोलत नाहीये. हे सांगणं बोलण्यात धरायचं नाही.

नातीनं दाराशी उभं राहून बातमी वाचली. मालिका शुक्रवारी संपणार. महिनाअखेरीचीही वाट बघितली नाही. निकाल त्याच दिवशी आहे.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी.

सगळ्यांना एक संधी देते. आज सातला सगळे हजर. धाकटीही, शिक्षा म्हणून. टीव्हीच्या रिमोटला हात लावणार नाही अशी प्रत्येकाकडून शपथ घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवून. मी आरामखुर्चीत बसणार नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल. पाठ टेकायला काही नाही. कॉफी दोनदा. आज डोळे मिटणं नाही, ऐकणंही डोळे उघडे ठेवून.

निकाल मी बघणार. बटण जागेपणी दाबलेलं असणार.

शनिवार, २९ मार्च.

शपथ पाळली त्यांनी. रिमोटला कुणी शिवलं नाही.

वकिलीणबाई उठली, काळा कोट सारखा केला, न्यायाधीशांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, न्यायाधीश महाराज. इथपर्यंत मी स्वतः बघितलं. मग भिंतीला जरा डोकं टेकलं. स्टूल भिंतीजवळ ठेवणं ही तुझी चूक.

पुढे एकदम साबणाची जाहिरात.

मी विचारलं, काय झालं निकालाचं? मुलगा म्हणाला, जिंकली. त्याच दमात नात म्हणाली, हरली. धाकटी म्हणाली, न्यायाधीशांची बदली झाली. आणि तू म्हणालीस, आई, मी कुकर बघायला गेले होते.

चौघांनी एक निकाल चार तऱ्हांनी सांगितला तेव्हा माझं लक्ष नातीच्या मांडीकडे गेलं. फोन. फोनवर बंगला. काल म्हणे थोरली जिन्यावरून पडणार होती. आवाज बंद ठेवलेला, आणि खाली अक्षरं उमटत होती. अक्षरं! मला ज्यातलं काही कळत नाही तीच गोष्ट बरोबर हुडकून काढलीत.

आणि डबीच्या रिमोटवर सगळी बटणं चालू. यंत्राच्या हिशेबी या घरातल्या एकूण एक माणसानं, पाहुणीसकट, वकिलीणबाईला शेवटपर्यंत बघितलं. खोलीत बघणारं कुणी नव्हतं.

नात रडवेली होऊन म्हणाली, आजी, तो भाग फोनवर परत बघता येतो, आत्ता लावते. मी विचारलं, फोनवरचं ही डबी मोजते का? नाही म्हणाली. मग काय करायचंय बघून?

रविवार, ३० मार्च. दुपारी.

रात्री विचार केला. निकाल कुणी ऐकला नाही, तर निकाल मी देते. लिही, मोठ्या अक्षरात. म्हातारी जिंकली. घर तिचं. सही झोपेत घेतली होती, ती धरायची नाही. पोरांनी माफी मागावी, आणि तिनं ती लगेच देऊ नये.

खाली माझा अंगठा घे. शाई नसली तर ते नेलपॉलिश आण.

आता धाकटीला फोन लाव. सांग, ताई अजून रागावलेली आहे, विसरायची नाही. पण उद्या सातला येणारच असशील तर ये. ती थोरली पडली ती वाचली की मेली, आणि वाचली तर पेटी कुणाकडे गेली, हे मला उघड्या डोळ्यांनी बघायचंय. रिकाम्या हातांनी येऊ नको म्हणावं. तिलाच सांग, भोपळ्याचं सूप आधी पाठव, मिरपूड सढळ हातानं घालून, म्हणजे डुलकी लागणार नाही. पाव भाजून वेगळा बांध. सुपात बुडवून पाठवलास तर लगदा होतो.